उजव्या हाताचा अंगठा

दोन मुलांत डावें-उजवें करूं नये असें आपण म्हणतों, तेव्हां उजवें तें चांगलें आणि डावें तें कमी प्रतीचें हें आपण आधींच धरून चाललेले असतों. देवाला प्रदक्षिणा घालावयाची ती देव उजव्या हाताला ठेवून. प्रसाद घ्यावयाचा तो उजव्या हातानें. आणि ज्या मुलाचा डावा हात ताटाकडे आधीं जातो त्याच्या मनगटावर आजीची चापट बसावयाची, हें पुष्कळ घरांत अजून चालू आहे. पदार्थविज्ञान हें शास्त्र तरी या पक्षपातापासून अलिप्त असेल अशी कोणाची समजूत असल्यास त्यानें अकरावी-बारावीचें कोणतेंही क्रमिक पुस्तक उघडून पाहावें. वस्तु फिरविणाऱ्या बलाच्या परिणामाची, म्हणजे टॉर्कची, दिशा काढण्याचा नियम तेथें दिलेला असतो, आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत उजव्या हाताचा असतो. आम्ही सुमारें तीस वर्षें हा विषय शिकवीत आलों आहों. आणि आमचा अनुभव असा कीं, वर्षभरांत विद्यार्थी जी गोष्ट वहींत निमूटपणें उतरवून घेतात पण मनांतून मुळींच मान्य करीत नाहींत, ती हीच.

टॉर्क म्हणजे काय हें समजण्यास गणित फारसें लागत नाहीं. जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या मध्याजवळ न बसवितां कडेला बसवावा, हें ज्यानें प्रथम ठरविलें त्यानें या विषयाचा अर्धा भाग सोडविला होता. दाराची कडी बिजागरीच्या शेजारीं कोणी लावीत नाहीं. आणि मोटारीच्या चाकाचा नट हलेनासा झाला म्हणजे पंक्चरच्या दुकानांतला पोरगा पान्याच्या अगदीं टोकावर पाय देऊन उभा राहतो, तो कांहीं पुस्तक वाचून नव्हे. बल किती, आणि तें आंसापासून किती अंतरावर लाविलें, या दोहोंचा गुणाकार म्हणजे टॉर्क. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं २०० न्यूटन बल, म्हणजे सुमारें २० किलोचें ओझें, काटकोनांत लाविलें तर ६० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. तेंच बल पान्याशीं ३० अंशांचा कोन करून तिरपें लाविलें तर निम्मा. आणि पान्याच्या लांबीच्याच रोखानें ओढलें तर शून्य. दार बिजागरीच्या दिशेनें कितीही जोरानें दाबलें तरी तें उघडत नाहीं, हें सांगावयास कोणी शास्त्रज्ञ नको.

येथपर्यंत वर्गांत कोणाची तक्रार नसते. ती सुरू होते पुढच्या ओळीला. बिजागऱ्या आपल्या डाव्या हाताला आहेत असें दार आपण समोर ढकलून उघडतों. हात समोर जातो, दार समोर जातें, आणि पुस्तक सांगतें कीं टॉर्कची दिशा बिजागरीच्या रेषेंत, सरळ वर, छताकडे आहे. छताकडे काय गेलें? कांहींच नाहीं. एक पाल असली तर तीही जागची हलत नाहीं. आंसापासून बलाच्या जागेपर्यंतच्या रेषेकडे उजव्या हाताचीं बोटें करावीं, तीं बलाच्या दिशेकडे वळवावीं, आणि मग अंगठा जिकडे दाखवील ती दिशा. असा हा नियम आहे. याला गणितांत सदिश गुणाकार म्हणतात. मुलें अंगठा वर करून दाखवितात, दोन गुण मिळवितात, आणि शास्त्रांत अशा कांहीं गोष्टी मानाव्या लागतात अशी मनाची समजूत घालून पुढें जातात. आमच्या दृष्टीनें ही समजूतच सर्वांत घातक आहे.

वास्तविक छताकडे बाण कां काढावयाचा, याचें उत्तर साधें आहे. फिरणाऱ्या वस्तूला दिशा कोणती द्यावी? चाकाच्या धावेवरचा एक ठिपका घ्या. तो आतां पुढें चालला आहे, क्षणभरानें खालीं, मग मागें, मग वर. प्रत्येक ठिपक्याची दिशा निराळी आणि प्रत्येकाची दर क्षणाला पालटणारी. या सर्व धांदलींत एकच गोष्ट स्थिर आहे, ती म्हणजे आंस. म्हणून फिरण्याला जर एकच बाण द्यावयाचा असेल तर तो आंसाच्या रेषेंत काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. येथपर्यंत निसर्ग आपल्या बाजूला आहे. परंतु आंसाला टोकें दोन. एका टोकाकडून पाहिलें तर चाक घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतें, दुसऱ्या टोकाकडून पाहिलें तर त्याच्या उलट. बाणाचें तोंड कोणत्या टोकाला ठेवावयाचें? याला निसर्गाकडे उत्तर नाहीं. तें माणसांनीं आपसांत ठरविलें. आणि बाजारांतला साधा स्क्रू ज्या बाजूला फिरविला असतां आंत जातो, त्याच्याशीं जुळेल असें ठरविलें.

हा ठराव एकदां हातांत घेतला म्हणजे मोठ्या गमती दिसूं लागतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. बोटें तशीं वळविलीं तर अंगठा उत्तरेला, ध्रुवाच्या बाजूला जातो. मात्र देवळांत प्रदक्षिणा घालणारा भाविक, देव उजवीकडे ठेवून चालत असल्यामुळें, वरून पाहणाऱ्याला घड्याळाप्रमाणें फिरतांना दिसतो. आणि त्याच्या फिरण्याचा बाण आकाशाकडे न जातां थेट पाताळाकडे जातो. यावरून कोणीं प्रदक्षिणेसंबंधीं कांहीं अनुमान काढूं नये. ठराव उलट झाला असता तर भाविकाचा बाण कळसाकडे आणि पृथ्वीचा दक्षिणेकडे गेला असता, आणि सूर्योदय त्यामुळें एका पळानेंही पुढें-मागें झाला नसता. आपल्या भाषेंत 'दक्षिण' या एकाच शब्दानें उजवी बाजू आणि दक्षिण दिशा अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत, कारण पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याचा उजवा हात दक्षिणेला येतो. सूर्याकडे तोंड करण्याचा प्रघात नसता तर तो शब्दही दुसरीकडे गेला असता. अंगठ्याची गोष्ट याहून निराळी नाहीं.

आणि स्क्रूही सगळे उजवेच असतात असें नाहीं. सायकल दुरुस्त करणाऱ्याला विचारा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हें तो हात काळे करीत सांगेल. दोन्ही बाजूंना उजवे आटे ठेवले तर डावें पायडल चालतां चालतां सुटूं लागतें. ज्याला पोटासाठीं आटे ओळखावे लागतात त्याला संकेत कोणता आणि गरज कोणती, हें आमच्या पदवीधरांपेक्षां पुष्कळदां अधिक स्पष्टपणें कळतें.

दोष थोडा आपल्या मराठीचाही आहे. इंग्रजींत न्यूटनचा तो 'लॉ' आणि उजव्या हाताचा तो 'रूल'. शब्दच वेगळे आहेत. आपण दोहोंनाही 'नियम' म्हणतों आणि पुस्तकांत दोन्ही एकाच आकाराच्या चौकटींत छापतों. एक सृष्टीनें केलेला, दुसरा माणसांनीं केलेला. पण चौकट एकच पडल्यावर विद्यार्थ्यानें भेद कसा ओळखावा? दुसऱ्याला आम्ही वर्गांत 'संकेत' म्हणत असतों. हा शब्द रूढ व्हावा अशी आमची इच्छा आहे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हें आम्हांला एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेनें जितक्या स्पष्टपणें दाखविलें तितकें कोणत्याही ग्रंथानें दाखविलें नव्हतें. या प्रश्नाच्या वेळीं परीक्षेच्या दालनांतून एक फेरी मारावी. मोठें मनोरंजक दृश्य असतें. शंभर मनगटें हवेंत वळत असतात, आणि पुष्कळांच्या उजव्या हातांत लेखणी असल्यामुळें तीं बिचारीं मुलें नकळत डावाच हात वळवीत असतात! त्यांचें उत्तर उलटें येतें. या मुलीची गोष्ट मात्र नकळत झालेली नव्हती. ती जन्माची डावरी. लहानपणीं तिला उजव्या हातानें लिहावयास लावण्याचा घरच्यांनीं दोन वर्षें प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. लेखणी, चमचा, बॅडमिंटनची रॅकेट, सर्व डाव्या हातांत. तेव्हां अंगठाही डाव्याच हाताचा. पहिल्या प्रश्नांत एका दांडीवरील टॉर्कची दिशा विचारली होती. तिनें उलटी लिहिली; शून्य मिळालें. दुसऱ्या प्रश्नांत कललेला भोवरा फिरत असतांना त्याचें डोकें कोणीकडे सरकेल, हें कारणांसह विचारलें होतें. त्याचें उत्तर अगदीं बरोबर आणि गुण पैकीच्या पैकीं. पत्रिका हातांत आल्यावर ती आमच्या खोलींत आली आणि म्हणाली, "सर, ज्या हातानं पहिलं चुकलं, त्याच हातानं दुसरं बरोबर कसं आलं?"

असा प्रश्न शिक्षकाच्या आयुष्यांत फार थोड्या वेळां येतो. मेजाच्या खणांत एक लांकडी भोवरा असतो, तो आम्हीं काढला.

वाचकांनींही हें करून पाहावें. भोवरा पूर्वेकडे कललेला आहे असें धरा. त्याच्या टेकलेल्या टोकापासून मध्याकडे जाणारी रेषा वर आणि पूर्वेकडे जाते; त्याचें वजन सरळ खालीं ओढतें. उजव्या हाताचीं बोटें पूर्वेकडे करून, तळवा जमिनीकडे ठेवून, तीं खालीं वळवा. अंगठा उत्तरेकडे येतो. टॉर्क उत्तरेकडे. आतां भोवरा स्तब्ध असेल तर उत्तर-दक्षिण आंसाभोवतीं वळणें म्हणजेच पूर्वेकडे कोसळणें. आणि तो कोसळतो. परंतु तो वेगानें फिरत असेल, वरून पाहतां घड्याळाच्या उलट, तर त्याच्या अंगीं आधींच फिरण्याचा मोठा सांठा असतो. त्याला कोनीय संवेग म्हणतात, आणि त्याचा बाण, त्याच उजव्या हातानें काढला असतां, भोवऱ्याच्या आंसांतून वर जातो. टॉर्कचें काम एवढेंच कीं या बाणाचें टोक आपल्या दिशेला, म्हणजे उत्तरेला, सरकवावयाचें. म्हणून पूर्वेला कललेला भोवरा पूर्वेला पडत नाहीं. त्याचें डोकें उत्तरेकडे जातें. तेथें गेल्यावर टॉर्कही फिरून पश्चिमेकडे होतो, डोकें तिकडे जातें, आणि अशा रीतीनें तें डुलत डुलत वाटोळें घुमत राहतें. ज्या ओढीनें स्तब्ध भोवरा जमिनीवर आडवा होतो त्याच ओढीनें फिरता भोवरा प्रदक्षिणा घालूं लागतो. छताकडे काढलेला तो निरर्थक वाटणारा बाण येथें प्रत्यक्ष काम करतांना दिसतो. भोवरा पडण्याऐवजीं बाजूला कां जातो, हें त्या बाणांवांचून सांगावयास बसलें तर पानेंच्या पानें लागतील.

आतां हेंच डाव्या हातानें करा. भोवऱ्याच्या फिरण्याचा बाण वर न जातां आंसांतून खालीं जातो. टॉर्कचा बाण उत्तरेला न जातां दक्षिणेला येतो. खालीं गेलेल्या बाणाचें टोक दक्षिणेकडे सरकलें, म्हणजे भोवऱ्याचें वरचें डोकें उत्तरेकडेच जाणार! हात दोनदां वापरला गेला, दोनदां बाण उलटला, आणि दोन उलटे मिळून एक सुलटा झाला. पहिला प्रश्न माणसांनीं काय ठरविलें हें विचारीत होता. दुसरा भोवरा काय करतो हें. भोवऱ्याला आपल्या ठरावाची वार्ता नाहीं.

पहिल्या प्रश्नाचे गुण कापले गेले याबद्दल आमचें कांहीं म्हणणें नाहीं. रस्त्यानें गाडी डावीकडून हांकावी हाही आपल्याकडील संकेतच आहे, कित्येक देशांत तो उलट आहे. पण म्हणून आपल्याकडे उजवीकडून गाडी घालणाऱ्याला अपघात चुकत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं तिला 'चूक' असा एकच शेरा मिळाला, आणि त्या शेऱ्यांत दोन फार निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या. ती म्हणाली कीं आपल्या हातांतच कांहीं उणें आहे असें घरीं वाटत असे, तें शास्त्रांतही खरें निघालें असें तिनें धरून ठेविलें होतें. हें ऐकून आम्हांला वाईट वाटलें.

हा बाण काढण्याची पद्धत फार जुनी नाहीं. १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं डब्लिनमध्यें हॅमिल्टन हा गणिती पत्नीसह कालव्याच्या काठानें चालला असतां त्याला चतुर्थकांच्या गुणाकाराचें सूत्र सुचलें, आणि तें त्यानें तेथील पुलाच्या दगडावर कोरलें. त्या गुणाकारांत क्रम उलटला कीं उत्तराचें चिन्ह उलटतें. अंतराला बलानें गुणिलें तर बाण वर, बलाला अंतरानें गुणिलें तर खालीं. पीठ चाळून मळणें आणि मळून चाळणें यांत जो फरक आहे तो प्रथमच गणितांत अशा उघडपणें शिरला. पुढें अमेरिकेंतील येल येथील गिब्स यानें १८८१ आणि १८८४ मध्यें आपल्या विद्यार्थ्यांकरितां छापलेल्या टिपणांत, आणि इंग्लंडांत हेव्हिसाइड यानें स्वतंत्रपणें, त्या अवजड यंत्रांतून आपल्याला लागणारे दोन भाग तेवढे काढून घेतले. त्यांतला एक हा सदिश गुणाकार. हॅमिल्टनच्या शिष्यसंप्रदायाला ही चोरी आणि विटंबना वाटली. त्यावरून नियतकालिकांत जो वाद झाला तो आमच्याकडील शुद्धलेखनाच्या वादाइतकाच कडाक्याचा होता. जिंकले गिब्स आणि हेव्हिसाइड. हेव्हिसाइड हा सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेला, तारखात्यांत काम केलेला माणूस होता. कदाचित् म्हणूनच उपयोगी काय आणि भूषण काय हें त्याला चटकन् दिसलें असावें.

या पद्धतींत एक योगायोगही आहे, तो क्रमिक पुस्तकें सांगत नाहींत. फिरणें हें मुळांत एका पातळींत होतें. लांबी-रुंदी-उंचीच्या जगांत अशा मूळ पातळ्या तीन आणि आंसही तीन, म्हणून पातळीच्या ऐवजीं तिला लंब असलेला आंस सांगून भागतें. चार मिति असत्या तर दिशा चार पण पातळ्या सहा झाल्या असत्या, आणि अंगठ्याचा हा खेळ तेथेंच संपला असता. केवळ कागदाच्या पृष्ठावर राहणाऱ्या प्राण्याला तर अंगठा काढावयास जागाच नाहीं.

त्या मुलीनें भोवरा चार वेळां फिरविला आणि मग दुसरा प्रश्न विचारला. हात नेहमीं दोनदांच येत असेल आणि म्हणून नेहमींच निघून जात असेल, तर उजवें कोणतें हें सृष्टीला ठाऊकच नाहीं, असें नव्हे काय? दुसऱ्या एखाद्या ताऱ्याकडे कोणी राहत असेल आणि त्याला केवळ शब्दांनीं, चित्र न पाठवितां, 'उजवा हात' समजावून सांगावयाचा असेल तर तें अशक्यच ठरेल ना?

पुष्कळ दिवस मोठमोठ्या शास्त्रज्ञांचेंही हेंच मत होतें. भिंतीवरच्या आरशासमोर भोवरा फिरवा. आरशांतला भोवरा उलटा फिरतो, उलटा घुमतो, आणि तरीही खऱ्या भोवऱ्यांत जें कधींच घडणार नाहीं असें कांहींही करीत नाहीं. टेबलावर उभी केलेली पेन्सिल आरशांतही वरच पाहते, पण फिरण्याचा बाण आरशांत खालीं वळतो. खऱ्या बाणांत आणि ठरविलेल्या बाणांत हा फरक आहे. आरशांतलें जगही नियमानें चालणारें जगच आहे, असें सर्वजण धरून चालले होते. १९५६ मध्यें ली आणि यांग या दोघां चिनी-अमेरिकन शास्त्रज्ञांनीं शंका काढली कीं, किरणोत्सर्गाच्या एका प्रकारांत ही गोष्ट कोणीं तपासूनच पाहिलेली नाहीं. तपासण्याचें काम कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका वू यांनीं वॉशिंग्टन येथील सरकारी प्रयोगशाळेंत केलें. कोबाल्ट-६० या धातूचीं अणुकेंद्रें निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या सुमारें शंभराव्या भागाइतक्या थंडीपर्यंत आणून त्यांनीं चुंबकाच्या साह्यानें तीं एकाच बाजूला फिरत राहतील अशीं ओळींत उभीं केलीं, आणि त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन कोणीकडे जातात हें मोजलें. हात दोनदां येण्याची सोय येथें नव्हती. इलेक्ट्रॉन खरोखरच कोठेंतरी जातो. आरसा खरा असता तर दोन्ही टोकांकडून सारखेच इलेक्ट्रॉन निघावयास हवे होते. १९५७ च्या आरंभीं उत्तर आलें: तसे ते निघत नाहींत. त्याच वर्षीं ली आणि यांग यांना नोबेल पारितोषिक मिळालें. वू यांना तें कधींच मिळालें नाहीं, आणि याचें समाधानकारक कारण आम्हीं अद्याप कोणाकडून ऐकलेलें नाहीं.

तेव्हां दूरच्या ताऱ्यावरील गृहस्थाला कोबाल्टचा हा प्रयोग करावयास सांगितला म्हणजे डावें-उजवें शब्दांनीं कळवितां येतें. मुलीनें विचारलें, अधिक इलेक्ट्रॉन गेले कोणीकडे? केंद्राच्या फिरण्याप्रमाणें बोटें वळविलीं असतां उजव्या हाताचा अंगठा जिकडे जातो त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, असें आम्हीं सांगितलें. तिनें क्षणभर विचार केला, डाव्या हाताचीं बोटें हळूहळू वळविलीं, आणि आपल्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पिशवी खांद्याला लावतां लावतां तिनें विचारलें, "हें परीक्षेला आहे का, सर?"

नाहीं, असें आम्हीं सांगितलें.